रेझ्युमेच्या आधीची वही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीविषयक पुरवण्यांतून रेझ्युमेचे तयार नमुने वरचेवर छापून येतात. फॉन्ट कोणता, पाने किती, फोटो लावावा की नाही, सुरुवातीला ‘उद्दिष्ट’ लिहावे की ‘सारांश’, याची चर्चा होते. हे सगळे कामाचे आहे, पण ते शेवटच्या तासाभराचे काम आहे. आपण आजवर नेमके काय केले आणि त्यातले काय आपल्याला खरोखर चांगले येते, ही मोजदाद त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवी आणि ती कशी करायची हे सहसा कुणी सांगत नाही. मग उमेदवार नमुना उघडतो, रिकाम्या जागा भरत जातो आणि जिथे काही आठवत नाही तिथे विशेषणे ठेवतो. मेहनती, प्रामाणिक, जबाबदार, संघभावनेने काम करणारा. अर्ज वाचणाऱ्याच्या समोर अशा विशेषणांचा ढीग असतो. त्यातून एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही.

विशेषणे स्वतःला मात्र फार पटतात, आणि खरी अडचण तीच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याचे स्वतःचे म्हणून एक वर्णन दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता. तो आपल्याला किती लागू पडतो, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कुणालाही लागू पडेल असे वाक्य आपल्याला आपलेच वाटते. म्हणून ‘माझे गुण कोणते?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. सुरुवात कामांपासून करावी. गुण त्यातून मागाहून निघतात.

त्यासाठी एक साधी वही पुरते. पान आडवे धरून पाच रकाने आखावेत: अडचण किंवा गरज काय होती, मी काय केले, कशाच्या आणि कुणाच्या मदतीने केले, त्यामुळे काय बदलले, आणि याचा पुरावा काय. एका कामाला एक ओळ. एका बैठकीत सगळे उरकायचा प्रयत्न करू नये. तासा-तासाच्या तीन बैठका आणि मध्ये किमान एकेक दिवसाची फट ठेवावी. पहिल्या बैठकीनंतर डोके मागे चालू राहते आणि विसरलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी वर येतात.

केवळ आठवणीवर विसंबून बसले तर वहीत गेल्या सहा महिन्यांचीच कामे येतात. ताजे ते ठळक दिसते आणि पाच वर्षांपूर्वीचे अवघड काम धूसर होते. म्हणून बसण्याआधी कागद जमवावेत: नेमणुकीची पत्रे, वार्षिक मूल्यमापनाचे अहवाल, जुन्या डायऱ्या, प्रकल्पाच्या वह्या, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, मोबाइलमधली कामाची छायाचित्रे. लोकांनी पाठवलेले ‘हे जरा बघून देता का?’ अशा धर्तीचे संदेश मला यात सर्वांत मोलाचे वाटतात, कारण लोक आपल्याकडे कशासाठी येतात याची ती रोजच्या रोज झालेली नोंद असते. नंतर आजपासून मागे, एकेक वर्ष घेत जावे.

पहिल्या सात-आठ ओळी झरझर उतरतात आणि मग हात थांबतो. बहुतेक जण इथेच वही मिटतात. वास्तविक उपयोगाची सामग्री यानंतर येते, कारण सुरुवातीच्या ओळी बहुधा पदाच्या वर्णनातून आलेल्या असतात. अडल्यावर स्वतःला काही ठरावीक प्रश्न विचारावेत. मी रजेवर असताना काय अडून राहिले? कोणते काम माझे नसूनही माझ्याकडेच येत असे? नव्याने आलेल्या माणसाला मी काय शिकवले? कोणती चूक माझ्यामुळे टळली? एकदा करून दिल्यावर कोणते काम पुन्हा माझ्याकडेच सोपवले गेले? या प्रश्नांवर २० ते २५ ओळी होईपर्यंत बसावे. टळलेल्या चुकीचा प्रश्न मुद्दाम घेतला आहे. जे घडलेच नाही ते कुणाच्या नजरेत येत नाही, त्यामुळे देखभाल, तपासणी, हिशेब, सुरक्षा अशा कामांतली माणसे स्वतःची किंमत नेहमी कमी लावतात.

ओळ लिहिताना कर्तव्य आणि कृती यांत गल्लत होते. ‘भांडारातील नोंदी ठेवणे’ हे कर्तव्य झाले; त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाचे ते असते. त्याच जागेची कृती समजा अशी आहे: १,२०० प्रकारच्या वस्तूंची दरमहा मोजणी, प्रत्यक्ष साठा आणि नोंद यांत दर वेळी ४० च्या आसपास वस्तूंची तफावत, रॅकना क्रमांक दिले आणि माल येईल त्याच दिवशी नोंद करण्याची पद्धत बसवली, सहा महिन्यांत तफावत १० च्या आत आली. आता या ओळीतून कोणता गुण निघतो ते पाहावे. ‘नोंदी नीट ठेवतो’ हा निष्कर्ष तोकडा आहे. चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर शिरते हे या माणसाने शोधले आणि काम करणाऱ्यांना नवी सवय लावली. हे दोन वेगळे गुण आहेत. पहिला गुण हिशेबतपासणी, गुणवत्ता नियंत्रण, माहिती-नोंदणी अशा कितीतरी ठिकाणी चालतो; दुसरा माणसे सांभाळण्याच्या कामात. भांडाराबाहेरच्या नोकरीसाठी अर्ज करताना हा माणूस ‘माझा अनुभव फक्त स्टोअरचा’ असे म्हणून मागे राहिला, तर दोष अनुभवाचा नाही, तो वाचण्याच्या पद्धतीचा आहे.

मराठीत विचार करणाऱ्यांसाठी इथे आणखी एक अडथळा आहे. ‘करण्यात आले’, ‘राबवण्यात आला’, ‘सक्रिय सहभाग होता’ ही कार्यालयीन भाषा आपल्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की करणारा कोण तेच वाक्यातून नाहीसे होते. वहीत प्रत्येक क्रियापदाला कर्ता हवा. शोधले, आखले, जोडले, समजावले, मोजले, पटवले अशी क्रियापदे वापरावीत. ‘सहभाग होता’ असे लिहिले गेले की तिथेच थांबून विचारावे: सहभाग म्हणजे हाताने काय केले?

पुढचा प्रश्न वाट्याचा आहे. बहुतेक काम चार जणांनी मिळून केलेले असते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांच्या १९७९ मधल्या अभ्यासात पती-पत्नींना घरातल्या कामांमधला आपापला वाटा विचारला गेला, तेव्हा दोघांच्या उत्तरांची बेरीज एकूण कामापेक्षा जास्त भरली. यात लबाडी असतेच असे नाही. स्वतःचे कष्ट जवळून पाहिलेले असतात, त्यामुळे ते अधिक आठवतात. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहिणे. ‘च’ म्हणजे काम मी चालवले, निर्णय माझे होते. ‘भ’ म्हणजे ठरावीक भाग माझ्याकडे होता. ‘म’ म्हणजे दुसऱ्याच्या कामाला मदत केली. ‘प’ म्हणजे जवळून पाहिले. ‘प’च्या ओळी रेझ्युमेत जात नाहीत. ‘म’च्या ओळी नवशिक्याच्या रेझ्युमेत चालतात, दहा वर्षे अनुभव असलेल्याच्या नाही. ‘भ’ला कमी समजू नये: ‘सहा जणांच्या गटात चाचणीचा भाग माझ्याकडे होता’ हे वाक्य ‘प्रकल्प यशस्वीपणे पूर्ण केला’ यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटते, आणि मुलाखतीत त्यावर तीन प्रश्न आले तरी माणूस डगमगत नाही.

आकड्यांबद्दल दोन टोके दिसतात. एक म्हणजे ‘माझ्या कामात आकडे नसतात’ असे म्हणून सोडून देणे, दुसरे म्हणजे हवेतला आकडा ठोकून देणे. आकडा म्हणजे केवळ विक्री किंवा नफा नव्हे. किती वेळा, किती जणांसाठी, किती दिवसांत, किती चुका, आधी किती आणि नंतर किती, यापैकी काहीतरी प्रत्येक कामात सापडते. मोजलेले नसेल तर अंदाज करता येतो, पण रीतसर. एका नेहमीसारख्या आठवड्याचे कामाचे दिवस डोळ्यांसमोर आणावेत, रोजचा किमान आकडा घ्यावा आणि तो गुणावा. दिवसाला किमान ३५ फोन, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ८७५. लिहिताना ‘महिन्याला सुमारे ८५०’. खालच्या बाजूने घेतलेला आकडा आणि ‘सुमारे’ हा शब्द, एवढ्याने प्रामाणिकपणा राखला जातो. हिशेब कसा केला ते वहीत शेजारीच लिहून ठेवावे, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो: ‘हा आकडा कसा काढला?’

टक्केवारीत घसरण हमखास होते. दोन ग्राहकांचे चार झाले तर वाढ १०० टक्के, पण मूळ आकडा लपवून ती लिहिली आणि समोरच्याने विचारलेच, तर सगळ्या रेझ्युमेवरचा विश्वास उडतो. १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेलेली गोष्ट ५ टक्के नव्हे, ५ टक्के-बिंदूंनी वाढलेली असते. मुळाच्या तुलनेत ती वाढ ५० टक्के आहे. मूळ आकडा द्यावा, गोंधळ राहत नाही. जुन्या संस्थेचे आर्थिक आकडे गोपनीय असतील तर ‘उलाढाल’ न लिहिता ‘आधीच्या तुलनेत दीडपट’ असे प्रमाण द्यावे.

आता गुण कसे काढायचे. वही भरल्यावर दोन-तीन दिवस बाजूला ठेवावी. मग फक्त ‘मी काय केले’ हा रकाना वाचत क्रियापदांखाली रेघ मारत जावे. एकच क्रिया किमान तीन ओळींत आणि किमान दोन वेगळ्या ठिकाणी आली असेल, म्हणजे एका नोकरीत आणि दुसऱ्या नोकरीत, किंवा कॉलेजात आणि कामावर, तर तिला गुण म्हणावे. एकदाच आलेली गोष्ट अनुभव आहे. अनुभवही रेझ्युमेत जातो, पण त्यावर ‘माझे बलस्थान’ असा शिक्का मारू नये. ठिकाण बदलले तरी गोष्ट पुन्हा जमली, म्हणजे ती त्या साहेबामुळे किंवा त्या यंत्रामुळे जमली नव्हती, एवढे तरी सिद्ध होते. दुसरी खूण आवडीची. जे चांगले जमते पण केल्यावर जीव थकून जातो, अशा ओळींपुढे फुली मारावी. त्या लपवायच्या नाहीत, पण सर्वांत वर ठेवायच्याही नाहीत, कारण रेझ्युमेच्या माथ्यावर जे लिहाल तेच काम मिळते. तिसरी खूण शेवटच्या वापराच्या वर्षाची. आठ वर्षे न उघडलेले सॉफ्टवेअर ‘येते’ या यादीत धरताना विचार करावा.

कौशल्यांची पातळी ठरवताना चांदण्या आणि भरलेल्या पट्ट्या यांचा सोस अलीकडे वाढला आहे. ‘एक्सेल ८० टक्के’ म्हणजे कशाच्या ८० टक्के? या पट्टीला शेवटच नाही. त्याऐवजी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाक्षमतेच्या चौकटीकडे पाहावे. तिच्यात ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचे वर्णन ‘हा माणूस काय करू शकतो’ या रूपात आहे. हीच रीत कुठल्याही कौशल्याला लावता येते: सांगितले तर करतो, एकटा करतो, बिघडले तर दुरुस्त करतो, दुसऱ्याला शिकवतो. ‘एक्सेल: दोन तक्त्यांतील माहिती जुळवणे, पिव्होट टेबलवरून मासिक अहवाल, सहकाऱ्यांना शिकवले आहे’ या एका ओळीत पाच चांदण्यांपेक्षा जास्त माहिती मावते.

एवढे करूनही स्वतःचे मोजमाप एकट्याने पूर्ण होत नाही. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांचा १९९९ चा अभ्यास बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. चाचणीत तळाच्या चौथाईत असलेल्यांचे प्रत्यक्ष स्थान शंभरांत खालून १२ च्या आसपास होते आणि स्वतःचा अंदाज ६२ चा. हा भाग सगळीकडे सांगितला जातो. पण वरच्या चौथाईतल्या लोकांनी स्वतःला कमी लेखले होते, कारण आपल्याला जे सोपे गेले ते इतरांनाही तसेच गेले असेल असे त्यांनी धरले. रेझ्युमेच्या बाबतीत मला ही दुसरी चूक जास्त नुकसानीची वाटते. फुगवलेली गोष्ट मुलाखतीत उघडी पडते. वगळलेली गोष्ट कुणाला कधी कळतच नाही. ‘यात काय विशेष?’ असे म्हणून खोडलेल्या ओळी पुन्हा वाचाव्यात. विशेष आहे की नाही हे करणाऱ्याने ठरवू नये.

ते ठरवण्यासाठी तीन माणसे शोधावीत: एक वरिष्ठ, एक बरोबरीचा, आणि एक असा की जो आपल्या कामाचा परिणाम भोगतो, म्हणजे ग्राहक, विद्यार्थी किंवा पुढच्या टेबलावरचा सहकारी. त्यांना ‘माझे गुण सांगा’ असे विचारले तर ते भिडेने पुन्हा विशेषणेच देतील. ‘कोणत्या कामासाठी मला हमखास बोलावाल, आणि कोणत्या कामासाठी दुसऱ्याला?’ असे विचारावे आणि दोन्ही उत्तरांना एकेक प्रसंग मागावा. प्रसंग मागण्याची ही पद्धत मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये शास्त्रशुद्ध रूपात मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागासाठी केलेल्या संशोधनातून ती घडली होती. काम नेमके कशामुळे साधले किंवा फसले, ते प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडून घडलेल्या घटनेसह घ्यायचे, असा तिचा गाभा. उत्तर ऐकताना मध्येच स्पष्टीकरण देऊ नये, फक्त लिहून घ्यावे. तिघांपैकी दोघांनी सांगितलेली आणि आपल्या वहीत नसलेली गोष्ट पक्की नवी ओळ समजावी.

नोकरीच केलेली नाही अशा विद्यार्थ्यांची, किंवा काही वर्षे घरी असलेल्या स्त्री-पुरुषांची वही रिकामी राहील, असा समज आहे. राहत नाही, फक्त ओळी वेगळ्या जागी शोधाव्या लागतात. गटाने केलेल्या प्रकल्पात तुम्ही कोणता भाग केला, किती नमुने तपासले, काय चुकले आणि मग काय बदलले. संस्थेचा हिशेब कोणी लिहिला, कार्यक्रमाला किती माणसे होती, दीर्घ आजारातल्या माणसाच्या औषधांच्या वेळा आणि तपासण्यांच्या नोंदी कोणी ठेवल्या. मात्र यांना ‘गृहव्यवस्थापन अधिकारी’ अशी भारदस्त नावे देऊ नयेत. वाचणाऱ्याला त्यात काहीतरी झाकल्याचा वास येतो. काम साध्या शब्दांत लिहावे. मधल्या खंडाची वर्षे उघड द्यावीत, त्याचे कारण एका ओळीत सांगावे आणि त्या काळात शिकलेले काही असल्यास जोडावे. तारखांची ओढाताण करून खंड बुजवला तर तो अनुभवाच्या दाखल्यांवरून उघडा पडतो.

वही तयार झाली की मगच जाहिरातींकडे वळावे. एकाच प्रकारच्या पदाच्या आठ-दहा जाहिराती समोर घ्याव्यात आणि वारंवार येणाऱ्या अपेक्षांखाली रेघ मारावी. एका बाजूला अपेक्षा, दुसऱ्या बाजूला वहीतल्या ओळीचा क्रमांक. ज्या अपेक्षेसमोर जागा रिकामी राहते तिचे तीन प्रकार असतात. खरोखरच येत नाही, तर शिकावे किंवा सोडावे. येते पण पुरावा नाही, तर छोटेसे काम करून पुरावा तयार करावा. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो: येते, पण वेगळ्या नावाने. एका क्षेत्रात ‘तक्रार निवारण’ म्हणतात ते दुसऱ्यात ‘कस्टमर सपोर्ट’ असते. अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि शब्दांवरून शोधले जातात, तेव्हा गोष्ट खरी असेल तर जाहिरातीतलाच शब्द वापरावा.

लिओनार्दो दा व्हिंची यांनी साधारण १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झा यांना उद्देशून लिहिलेल्या अर्जाचा मसुदा उपलब्ध आहे. पूल, वेढ्याची यंत्रे, तोफा असे मुद्दे ओळीने येतात आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, तोही ओझरता. राज्यकर्त्याची गरज युद्धाची होती. ज्या बाबी अशक्य वाटतील त्या करून दाखवण्याची तयारीही त्यात लिहिलेली आहे. निवड कशी करायची हे त्यावरून समजते: वहीत २५ ओळी असल्या तरी एका अर्जात ८ ते १० जातात, आणि कोणत्या जातात ते समोरच्याची गरज ठरवते. उरलेल्या वहीतच राहतात, पुढच्या अर्जासाठी.

सध्या चॅट-साधनांकडून रेझ्युमे लिहून घेण्याची सोय झाली आहे. वही भरलेली असेल तर वाक्ये घोटून घ्यायला त्यांचा उपयोग होतो. वही नसेल तर ती साधने तुम्ही न केलेली कामे आणि न मोजलेले आकडे सफाईने लिहून देतात, आणि वाचताना ते आपलेच वाटतात. फोरर यांच्या विद्यार्थ्यांना वाटले तसेच. या साधनांनी लिहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे वहीतला ओळ क्रमांक घालावा. क्रमांक मिळत नसेल ते वाक्य काढावे.

आपल्या पुरवणीला माझी विनंती अशी आहे, की पुढच्या वेळी भरलेल्या नमुन्याच्या शेजारी पाच रकान्यांचा हा कोरा तक्ता आणि वरचे पाच प्रश्न छापावेत. आणि ज्यांना आज नोकरी बदलायची नाही त्यांनीही महिनाअखेरीस १५ मिनिटे काढून दोन ओळी लिहाव्यात. नोकरी सुटते त्या दिवशी कार्यालयीन ईमेल बंद होतो आणि आकडे तिथेच राहतात. संस्थेची कागदपत्रे बरोबर न्यायची नसतात. आपण काय केले त्याची आपल्या शब्दांतली नोंद मात्र आपलीच असते, आणि ती काम ताजे असतानाच नीट लिहिता येते.

आपला विश्वासू,
एक वाचक